लिनक्स : संगणकाला नाव सापडत नाही तेव्हा काय तपासायचं?



मागच्या पाठात आपण टर्मिनल उघडून काही साध्या आज्ञा दिल्या होत्या. आज त्याच टर्मिनलचा एक खराखुरा उपयोग बघू. पण आधी एक प्रसंग सांगते, कारण हा पाठ त्यातूनच सुचला.

ऑगस्टमध्ये आमच्या संगणक कक्षात नववीची घटक चाचणी होती. मुलांसाठी अठरा संगणक, सगळ्यांवर डेबियन लिनक्स. कोपऱ्यात एक जुना संगणक सर्व्हर म्हणून लावलेला आहे, चाचणीचं पान त्याच्यावर असतं. मुलं ब्राउझरमध्ये ‘परीक्षा.लॅन’ हे नाव टाइप करतात आणि पान उघडतं. आदल्या आठवड्यात विजेच्या कडकडाटात आमचा राउटर जळाला होता आणि त्याच्या जागी नवा बसवला होता. चाचणी सुरू झाली. अकरा संगणकांवर पान लगेच उघडलं. उरलेल्या सातांवर चाक नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

चाळीस मिनिटांची चाचणी, गुण वार्षिक निकालात धरले जाणारे, आणि सात मुलं हात बांधून बसलेली. त्या सातांतला एक मुलगा मधल्या सुट्टीत संगणकाची सेटिंग उघडून बघत बसतो, हे मला माहीत होतं. मी सगळ्यांसमोर विचारलं, “काय छेडछाड केलीस रे?” तो म्हणाला, “नाही मॅडम, हातसुद्धा लावला नाही.” माझा काही विश्वास बसला नाही. चूक कुणाची होती ते पुढे येईलच.

(एक सूचना : या ब्लॉगवर मी आज्ञा, फायलींची नावं आणि आकडे देवनागरीत लिहिते. तुम्ही टाइप करताना सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायचं. गेल्या वर्षी एका मुलीनं मराठी कीबोर्ड चालू ठेवूनच ‘१९२’ टाइप केलं होतं. दिसायला अगदी बरोबर! पण संगणकाला तो पत्ता कळला नाही, त्यानं ती ओळच सोडून दिली, आणि आम्ही दोघी अर्धा तास त्या ओळीकडे बघत होतो.)

नाव आणि पत्ता

संगणक एकमेकांना नावानं ओळखत नाहीत, आकड्यांच्या पत्त्यानं ओळखतात. १९२.१६८.१.२० असा तो पत्ता. नावं आपल्या सोयीसाठी. म्हणजे तुम्ही कुठलंही नाव टाइप केलंत की पहिलं काम होतं ते नावावरून पत्ता शोधण्याचं. त्याला ‘नेम रिझोल्यूशन’ म्हणतात. पत्ता मिळाला, की मगच त्या पत्त्यापर्यंत जाण्याचा प्रश्न येतो.

‘नेट चालत नाही’ या एका वाक्यात त्यामुळे दोन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात : नाव सापडत नाही, किंवा रस्ता बंद आहे. आधी या दोन वेगळ्या करायच्या. त्या वेगळ्या न करता केबल काढून घालणं, राउटर बंद-चालू करणं, ब्राउझर पुन्हा टाकणं हे सगळं अंधारात दगड मारण्यासारखं आहे. (मी त्या दिवशी पहिली दहा मिनिटं नेमकं हेच केलं.)

वेगळ्या कशा करायच्या? पत्ता थेट आकड्यांत देऊन बघा. ‘पिंग १.१.१.१’ किंवा ‘पिंग ८.८.८.८’. हे इंटरनेटवरचे प्रसिद्ध पत्ते आहेत, पहिला क्लाउडफ्लेअरचा, दुसरा गूगलचा. उत्तरं येऊ लागली तर रस्ता मोकळा आहे. मग नावानं पिंग करून बघा. आकड्यानं जमतं आणि नावानं जमत नाही, तर दोष नाव शोधण्यात आहे. एवढं मात्र लक्षात ठेवा, की काही ठिकाणी पिंग मुद्दाम बंद केलेलं असतं. तिथं उत्तर आलं नाही म्हणजे रस्ता बंदच, असं समजू नका.

चुकीचा निरोप नीट वाचा

मुलं लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद करतात. करू नका, त्या ओळीत अर्धं उत्तर असतं. नाव सापडलं नाही तर पिंग दोन वेगळ्या प्रकारे तक्रार करतं.

‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ असं आलं, तर बहुतेक वेळा अर्थ असा : विचारलं, उत्तरही आलं, आणि उत्तर ‘असं कुणी नाही’ हे आहे. मग स्पेलिंग तपासा, किंवा ज्याला विचारलं त्याला हे नाव माहीत असायला हवं होतं का, ते तपासा.

‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ असं आलं, तर अर्थ अगदी निराळा : विचारायला गेलो, पण धड उत्तरच मिळालं नाही. इथं स्पेलिंग तपासून उपयोग नाही. ज्याला विचारायचं तोच जागेवर नाही, किंवा कुणाला विचारायचं हेच संगणकाला ठाऊक नाही.

म्हणजे शेजारच्या गावात जाऊन “पाटील इथं राहतात का?” असं विचारल्यावर “नाही हो, इथं कुणी पाटील नाहीत” हे उत्तर मिळणं वेगळं, आणि गावात विचारायला माणूसच न भेटणं वेगळं.

आमच्या सात संगणकांवर मात्र यातलं काहीच येत नव्हतं. पिंग दिलं की पहिली ओळ उमटायची आणि मग शांतता. म्हणजे नाव सापडत होतं! मला वाटलं, मग रस्ता बंद असणार. केबल तपासल्या. त्या ठीक होत्या.

कुणाला विचारायचं आणि कुठल्या क्रमानं

पूर्वी घरात फोनजवळ एक डायरी असायची. आत्याचा नंबर हवा असला की आधी डायरी बघायची. डायरीत सापडला नाही तरच कुणाला तरी विचारायचं. समजा आत्यानं नंबर बदलला आणि डायरीत जुनाच राहिला. तर काय होईल? तुम्ही कुणालाच विचारणार नाही, कारण तुमच्या मते नंबर तर मिळालाय. तुम्ही जुन्या नंबरावर फोन लावत बसाल.

लिनक्सकडेही अशी डायरी आहे. ‘एटसी’ फोल्डरमधली ‘होस्ट्स’ नावाची फाइल. ‘कॅट /एटसी/होस्ट्स’ अशी आज्ञा देऊन आत्ता बघा. साधी मजकुराची फाइल आहे, एका ओळीत आधी पत्ता, मग नाव.

या फायलीचा इतिहास गमतीचा आहे. इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवर सुरुवातीला सगळ्या संगणकांची मिळून एकच यादी होती, ‘होस्ट्स.टीएक्सटी’ नावाची. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचं, ते यादीत घालणार, आणि बाकीच्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. संगणक वाढत गेले तशी ही पद्धत पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली : एकच मोठी यादी ठेवण्याऐवजी प्रत्येकानं आपापल्या भागाची यादी ठेवायची आणि लागेल तसं एकमेकांना विचारायचं. आजही चालणारे त्याचे मूळ नियम १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. पण डीएनएस आल्यावर जुनी यादी नाहीशी झाली नाही. तिची एक लहानशी आवृत्ती प्रत्येक संगणकात राहून गेली. हीच ती होस्ट्स फाइल.

आधी डायरी बघायची की आधी विचारायचं, हे आणखी एका फायलीत लिहिलेलं असतं : ‘/एटसी/एनएसस्विच.कॉन्फ’. तिच्यात ‘होस्ट्स’नं सुरू होणारी ओळ शोधा. पुढे ‘फाइल्स’ आणि ‘डीएनएस’ हे शब्द दिसतील, मध्ये आणखी एखाद-दोन असतील. शब्द ज्या क्रमानं लिहिलेत त्याच क्रमानं संगणक शोधतो. जवळजवळ सगळीकडे ‘फाइल्स’ पहिला असतो. म्हणजे डायरी पहिली.

मी कुठं फसले

नावाचा पत्ता तपासायला बहुतेक जण ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा वापरतात. ‘डिग’ही तशीच. मीही त्या दिवशी एका बंद पडलेल्या संगणकावर ‘एनएसलुकअप परीक्षा.लॅन’ दिलं. उत्तर आलं १९२.१६८.१.२०. चालणाऱ्या संगणकावरही तेच उत्तर. मग फरक कुठं आहे?

तर मित्रांनो, एनएसलुकअप आणि डिग या आज्ञा डायरी उघडतच नाहीत. त्या थेट डीएनएसला विचारतात. एनएसस्विचमधल्या क्रमाशी त्यांना देणंघेणं नाही. ब्राउझर आणि पिंग मात्र त्या क्रमानं जातात. म्हणजे मी जी तपासणी करत होते ती वेगळ्याच दारात जाऊन करत होते.

खरी तपासणी करणारी आज्ञा आहे ‘गेटएंट होस्ट्स’ आणि पुढे नाव. (स्पेलिंग : जी ई टी ई एन टी, सगळं जोडून.) ही आज्ञा संगणकाच्या नेहमीच्या क्रमानंच शोधते आणि मिळालेला पत्ता दाखवते. मी ती दिली आणि उत्तर आलं १९२.१६८.०.२०.

शून्य! जुन्या राउटरवर आमचे सगळे पत्ते १९२.१६८.० नं सुरू व्हायचे. नव्यावर १९२.१६८.१ नं. हा जुना पत्ता या संगणकाला सांगितला कुणी? होस्ट्स फाइल उघडली. शेवटच्या ओळीत ‘१९२.१६८.०.२० परीक्षा.लॅन’. ती ओळ मीच लिहिली होती. दोन वर्षांपूर्वी सर्व्हर नवा होता, राउटरला त्याचं नाव सांगायचं राहिलं होतं आणि घाई होती. म्हणून हाताशी होते त्या सात संगणकांवर ‘तात्पुरती’ म्हणून घातलेली. नंतर राउटरमध्ये नाव नोंदवलं, सगळं चालू लागलं, आणि त्या सात ओळी मी विसरून गेले. राउटर बदलला तेव्हा अकरा संगणकांनी नव्या राउटरला विचारून नवा पत्ता घेतला. सात जण आपल्या डायरीतला जुना नंबर फिरवत बसले.

आणि सगळ्यात लाज वाटली ती याची, की पिंगच्या पहिल्याच ओळीत, नावापुढे कंसात, तो पत्ता लिहिलेला होता. सातही वेळा. मी तो वाचलाच नव्हता.

ओळ काढली (‘सुडो नॅनो /एटसी/होस्ट्स’, ओळ पुसली, फाइल जतन केली), आणि पान उघडलं. संगणक बंद-चालू करावा लागत नाही. सातही मुलांना पंचवीस मिनिटं वाढवून दिली. त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण त्याच्यावर आळ सगळ्यांसमोरच घेतला होता. तो म्हणाला, “मॅडम, ती फाइल मला दाखवा ना.” दाखवली. आता होस्ट्स फायलीत ओळ घातली की मी तिच्यावर हॅश चिन्ह देऊन तारीख आणि कारण लिहिते. हॅशच्या पुढचं संगणक वाचत नाही, माणसं वाचतात.

संगणकाचं स्वतःचं नाव

होस्ट्स फायलीच्या सुरुवातीला दोन ओळी दिसतील. ‘१२७.०.०.१ लोकलहोस्ट’ ही सगळीकडे असते. १२७ नं सुरू होणारा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. डेबियन आणि उबुंटूवर तिच्याखाली ‘१२७.०.१.१’ आणि पुढे तुमच्या संगणकाचं नाव असतं. या दोन ओळींना हात लावू नका, पण संगणकाचं नाव बदललंत तर दुसरी ओळ बदलायला विसरू नका. ‘होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम’ या आज्ञेनं नाव बदलतं, पण होस्ट्स फाइल ती आज्ञा बदलत नाही. मग सुडो वापरलं की दर वेळी ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ अशी कुरकुर येऊ शकते. काम होतं, पण कधी कधी काही सेकंद थांबून होतं. संगणकाला स्वतःचंच नाव सापडत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ.

एकाच डिस्कची नक्कल करून सगळे संगणक तयार केले असतील तर सगळ्यांचं नाव एकच निघतं. वर्गात अठरा मुलं आणि सगळ्यांचं नाव गणेश. हाक कुणाला मारायची? प्रत्येकाला वेगळं नाव द्या.

डायरीत नाही, तर मग कुणाला?

समजा गेटएंटनं काहीच दाखवलं नाही. मग डीएनएसचा पत्ता तपासायचा. तो ‘/एटसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ या फायलीत असतो. (फायलीच्या नावात ‘रिझॉल्व्ह’च्या शेवटी ई नाही. शब्दकोशातलं स्पेलिंग टाइप केलंत तर फाइल सापडणार नाही.) तिच्यात ‘नेमसर्व्हर’ असं लिहून पुढे पत्ता असतो. हाच तो, ज्याला आपला संगणक विचारतो. अशा ओळी कितीही लिहिल्या तरी पहिल्या तीनच धरल्या जातात.

फाइल रिकामी असेल तर ‘टेम्पररी फेल्युअर’चं कारण सापडलं. दुसरी नेहमीची तक्रार : “पान उघडतं, पण आधी पाच सेकंद अडकतं.” हा पाचाचा आकडा उगाच आलेला नाही. पहिल्या नेमसर्व्हरनं उत्तर दिलं नाही तर संगणक नेहमीच्या मांडणीत पाच सेकंद वाट बघतो आणि मग दुसऱ्याकडे जातो. पहिला मेलेला, दुसरा जिवंत, असं असलं की सगळं चालतं पण लंगडत चालतं.

इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोकांना वाटतं, पहिल्या नेमसर्व्हरला नाव माहीत नसेल तर दुसऱ्याला विचारलं जाईल. तसं होत नाही. दुसऱ्याकडे जायचं ते पहिला गप्प राहिला तर. पहिल्यानं ‘असं नाव नाही’ म्हटलं की ते उत्तरच असतं, शोध संपला. म्हणून कुणी सांगितलं की “नेट चालत नाही, ८.८.८.८ टाक पहिल्या ओळीत”, तर घरी ठीक आहे, पण शाळेत ‘परीक्षा.लॅन’ उघडायचं बंद होईल. गूगलला आमच्या कोपऱ्यातला संगणक कसा माहीत असणार!

दुसरी गोष्ट, ही फाइल हातानं बदलू नका. बहुतेक ठिकाणी ती नेटवर्कमॅनेजर लिहितो आणि पुढच्या जोडणीच्या वेळी तुमचा बदल पुसून टाकतो. डीएनएस बदलायचा तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये, आयपीव्ही४ च्या पानावर बदला, आणि जोडणी एकदा तोडून पुन्हा जोडा.

उबुंटूवाल्यांसाठी : तुमच्या फायलीत बहुधा ‘नेमसर्व्हर १२७.०.०.५३’ दिसेल. घाबरू नका, व्हायरस नाही. १२७ नं सुरू होतंय, म्हणजे संगणक स्वतःलाच विचारतोय. आत ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्हडी’ नावाचा एक मध्यस्थ बसलेला असतो, तो पुढे विचारून आणतो आणि उत्तरं काही काळ लक्षात ठेवतो. तो पुढे कुणाला विचारतोय ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ दाखवतं. त्याच्या लक्षात जुनं उत्तर राहिलं असेल तर ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’. हा मध्यस्थ होस्ट्स फाइलही वाचतो. त्यामुळे उबुंटूवर एनएसलुकअप तुम्हाला डायरीतलंच उत्तर देऊ शकतं. राउटरला खरंच काय माहीत आहे हे बघायचं तर आज्ञेच्या शेवटी राउटरचा पत्ता जोडा : ‘एनएसलुकअप परीक्षा.लॅन १९२.१६८.१.१’.

आणखी दोन खोडी थोडक्यात. शाळेतल्या संगणकांना ‘.लोकल’नं संपणारी नावं देऊ नका. ते टोक २०१३ पासून एका वेगळ्या पद्धतीसाठी राखून ठेवलंय, ज्यात संगणक डीएनएसला न विचारता खोलीतल्या सगळ्यांना ओरडून विचारतो. एनएसस्विचमध्ये ‘एमडीएनएस’ हा शब्द असेल तर अशा नावाचा शोध तिथंच थांबू शकतो, डीएनएसपर्यंत पोचतच नाही. दुसरं, गेटएंट बरोबर पत्ता दाखवतंय आणि फक्त ब्राउझरच अडतोय, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ चालू आहे का बघा. ते चालू असलं की ब्राउझर संगणकाच्या डीएनएसला बगल देऊन परस्पर बाहेर विचारतो.

करून पाहा

१. आपल्या संगणकावरची होस्ट्स फाइल वाचा. वहीत ओळी उतरवा आणि प्रत्येक ओळ कुणी, कशासाठी घातली असेल ते लिहा.

२. होस्ट्स फायलीत ‘१२७.०.०.१ माझंघर.लॅन’ अशी ओळ घाला (नाव इंग्रजी अक्षरांत). मग त्याच नावासाठी आधी गेटएंट आणि मग एनएसलुकअप देऊन दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहा. डेबियन आणि उबुंटू दोन्ही हाताशी असतील तर दोन्हीकडे करा. उत्तरं वेगळी आली तर का, ते सांगा.

३. झालं की ती ओळ काढून टाका. आजच.